मनगट वाकवा, बोटं मिटतील

गोष्ट सुरू करायच्या आधी एक करा. एका हाताची मूठ घट्ट आवळा आणि ती न उघडता शर्टाचं बटण लावून बघा. वैताग आला ना? आजची गोष्ट अशाच वैतागातून सुरू होते.

2011 साल. जोहान्सबर्गमधले सुतार रिचर्ड व्हॅन ॲस यांची उजव्या हाताची बोटं करवतीत तुटली. बाजारातली कृत्रिम बोटं परवडणारी नव्हती. इंटरनेटवर शोधताना त्यांना एक व्हिडिओ सापडला. अमेरिकेतल्या आयव्हन ओवेन यांनी हौसेखातर एक भलामोठा यांत्रिक हात बनवला होता. दोघं हजारो किलोमीटर लांब, पण ईमेल आणि व्हिडिओ कॉलवर काम सुरू झालं.

मग बोटांविना जन्मलेल्या एका पाच वर्षांच्या मुलासाठी हात करायचं ठरलं. जुन्या नोंदी धुंडाळताना त्यांच्या हाती काय लागलं माहितीये? 1840च्या दशकात ॲडलेडमधल्या रॉबर्ट नॉर्मन या दातांच्या डॉक्टरनं केलेला हात! तोफेच्या अपघातात बोटं गमावलेल्या कॉर्पोरल कोल्ससाठी त्यांनी तो देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या, तात आणि कप्प्या वापरून बनवला होता. त्यानं बटणासारखी बारीक वस्तूही उचलता यायची.

युक्ती साधी. मनगट खाली वाकवलं की दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटं मिटतात. मनगट सरळ केलं की बोटं पुन्हा उघडतात. ना बॅटरी, ना मोटर. मात्र त्यासाठी मनगट चालतं हवं, आणि जड ओझं काही या हातानं उचलता येत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. नॉर्मन यांची कल्पना उत्तम होती, पण हात एकाच माणसासाठी झाला आणि दीडशेहून जास्त वर्षं कागदातच राहिला. ओवेन आणि व्हॅन ॲस यांनी मात्र 2013मध्ये आपलं डिझाइन इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. त्याच वर्षी त्यातून ‘ई-नेबल’ हा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. ज्याच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे, तो कुणा अनोळखी पोरासाठी घरबसल्या हात छापू लागला.

म्हणजे बघा, युक्ती जुनीच होती. नवं होतं ते वाटून टाकणं. तुमच्याकडेही अशी एखादी युक्ती असेल, तर ती वहीत ठेवू नका. भेटूया पुढच्या भागात!