वाकळ, घोंगडे आणि विस्तव: माधवनगर परिसरातील हिवाळी घराचा इतिहास

कृष्णाकाठच्या सपाट प्रदेशातील हिवाळा उत्तर हिंदुस्थानातील हिवाळ्यासारखा कठोर नसतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारणपणे बारा ते पंधरा अंशांपर्यंत उतरते, एखाद्या वर्षी दहाच्या आसपास जाते आणि ऊन वर आले की दुपारपर्यंत अंगावरचे पांघरूण नकोसे होते. एवढ्या थंडीसाठी घराच्या रचनेतच कायमची सोय करावी, अशी गरज येथील माणसाला कधी भासली नाही. काश्मिरात कांगडी आणि हमाम आहेत, युरोपातील घरांत धुरांड्याची भिंतीतील शेकोटी आहे. सांगली-साताऱ्याच्या घरात मात्र खोली तापवण्याचे असे कोणतेही साधन परंपरेने नव्हते, कारण येथे ऊब द्यायची ती खोलीला न देता अंगाला द्यायची, हीच रीत होती. त्यामुळे माधवनगर आणि त्याच्या भोवतालच्या गावांतील हिवाळी घराचा इतिहास पाहू लागले, की तो बहुतांशी कापडाचा इतिहास ठरतो: ते कोणी विणले, किती दिवस वापरले आणि फाटल्यावर त्याचे काय केले.

माधवनगर हे सांगली शहराला उत्तरेकडून लागून असलेले गाव पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक म्हणून आणि कापड गिरणी व यंत्रमागांचे ठिकाण म्हणून जिल्ह्यात ओळखले गेले. त्याच्या शेजारचे बुधगाव हे मिरज संस्थानाच्या धाकट्या पातीचे राजधानीचे ठिकाण होते. येथील संस्थानिक पटवर्धन घराण्यातील वाटण्यांमुळे या भागात राज्याच्या सीमा अशा गुंतल्या होत्या, की काही कोसांच्या अंतरात सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज आणि इंग्रजी सातारा जिल्हा अशा वेगवेगळ्या अमलांतून जावे लागे. 1948 मध्ये संस्थाने विलीन झाली, 1949 मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या राजकीय उलथापालथीचा अंथरुणा-पांघरुणाशी फारसा संबंध नाही. भूगोलाचा मात्र निश्चित आहे. माधवनगरच्या पूर्वेस व उत्तरेस जत, आटपाडी, कवठे महांकाळ आणि साताऱ्यातील माण हे मेंढपाळीचे कोरडे तालुके, तर पश्चिमेस व दक्षिणेस काळ्या मातीचे नदीखोरे, अशी ही जागा असल्याने एका बाजूची लोकर आणि दुसऱ्या बाजूचे सूत येथील घरांत एकत्र आले.

घरांविषयी थोडक्यात सांगता येईल. पूर्वेकडील कोरड्या भागात दगडमातीच्या जाड भिंतींवर लाकडी तुळया, त्यांवर कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर घालून केलेले सपाट छप्पर, म्हणजे माळवद, रूढ होते. नदीकाठी पाऊस व पूर जास्त असल्याने उतरती कौलारू छपरे आढळत. हातभराहून जाड असलेली मातीची भिंत दिवसाचे ऊन पोटात घेते आणि रात्री ते सावकाश सोडते, म्हणून अशा घरात पहाटेचा गारठा उशिरा पोहोचतो. शेतकऱ्याच्या घरात सोप्याला, म्हणजे दर्शनी ओसरीच्या भागाला, लागूनच जनावरे बांधण्याची चाल होती आणि बैल, म्हशी व वासरे यांच्या अंगाची ऊब वाऱ्याच्या बाजूने घराला आडोसा देई. वासाची तक्रार कोणी केली नसावी, कारण दावणीला जनावर असणे हीच त्या घराची पत होती. गिरणी आणि कारखानदारीबरोबर आलेल्या पत्र्याच्या छपराने हे सारे उलटे झाले. पत्रा दिवसा भट्टीसारखा तापतो आणि सूर्य मावळताच साऱ्या आकाशाला आपली उष्णता देऊन टाकतो, म्हणून पत्र्याखालच्या खोलीत राहणाऱ्या कामगार कुटुंबाला मातीच्या घरातील शेतकऱ्यापेक्षा एक पांघरूण अधिक लागे.

विस्तवाचे स्थान स्वयंपाकघरात होते आणि त्याची ऊब हा स्वयंपाकाचा जोडलाभ होता. चुलीच्या बाजूला जोडलेल्या दुसऱ्या तोंडाला वैल म्हणतात. मुख्य चुलीतील जाळ त्या वाटेने बाहेर पडताना तेथे ठेवलेले पाणी किंवा आमटी ऊन राही. जळणासाठी या भागात शेणी, म्हणजे थापून वाळवलेल्या शेणाच्या गोवऱ्या, त्याबरोबर तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या आणि उसाचे चिपाड वापरले जाई. रात्री जेवणे झाल्यावर निखारे राखेखाली झाकून ठेवावयाचे व पहाटे उकरून त्यांवर फुंकर घालून चूल पेटवावयाची, ही गृहिणीच्या कौशल्याची बाब समजली जाई, आणि जिच्या चुलीत विस्तव उरला नसेल ती शेजारणीकडे खापरात किंवा शेणीच्या तुकड्यावर निखारा मागावयास जाई. मध्यमवर्गीय घरांत न्हाणीघराजवळ तांब्याचा बंब असे. बंब म्हणजे पाण्याची उभी टाकी, जिच्या मधोमध खालून वर एक नळी गेलेली असते. नळीच्या तळाशी जाळीवर लाकडाच्या ढलप्या किंवा कोळसा पेटवला, की सभोवतालचे पाणी तापते आणि धूर वरून निघून जातो. थंडीच्या सकाळी घरातील पहिली गर्दी या बंबापाशी होई, हे त्या पिढीच्या आठवणींत वारंवार येते.

खोली मुद्दाम तापवण्याचा एकमेव प्रसंग म्हणजे बाळंतपण. बाळंतिणीची खोली बहुधा माजघरालगतची, खिडकी नसलेली किंवा बुजवलेली असे. तेथे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून बाळंतिणीला शेक देत आणि ओवा व बाळंतशोपा यांची धुरी करीत. धुराने कोंडलेल्या त्या खोलीवर आधुनिक वैद्यकाने योग्य तोच आक्षेप घेतला, आणि दवाखान्यातील बाळंतपणे वाढली तशी ही चाल मागे पडली.

पांघरुणांत जुने आणि टिकाऊ ते घोंगडे. दख्खनी जातीची मेंढी मांसासाठी व खतासाठी पाळली जाते. तिची लोकर आखूड, राठ आणि बहुतांशी काळी असते, आणि एका मेंढीपासून वर्षभरात जेमतेम अर्धा-पाऊण किलो मिळते. पावसाळ्यानंतर पूर्वेकडील धनगर आपले कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात पश्चिमेकडे सरकत आणि वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवत, म्हणजे खतासाठी रात्री शेतात मुक्कामाला ठेवत. त्याबद्दल त्यांना धान्य मिळे. 1885 साली निघालेल्या सातारा गॅझेटियरमध्ये घोंगडी विणण्याच्या धंद्याची नोंद आहे. साधारणतः मेंढी राखणारा धनगर व घोंगडी विणणारा सनगर अशी कामाची विभागणी असली, तरी अनेक ठिकाणी धनगर स्वतःच विणत.

कातरलेली लोकर पिंजून चरख्यावर कातण्याचे काम मुख्यत्वे स्त्रिया करीत. नंतर ताणा, म्हणजे मागावर उभे लावावयाचे धागे, मोकळ्या जागेत पसरून त्यांना चिंचोक्यांची खळ लावीत. चिंचोके भाजून, सालपटे काढून, भिजवून वाटले आणि शिजवले की होणारी ही लापशी कुंच्याने धाग्यांवर फिरवली असता राठ लोकरीचे उठलेले केस बसतात आणि धागा मागावर तुटत नाही. विणकर जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून बसतो. तयार घोंगडे प्रथम ताठ आणि टोचरे असते व वापराने मऊ होते, म्हणून जुने घोंगडे नव्यापेक्षा अधिक मोलाचे मानणारी माणसे आजही आढळतात. पावसात त्याची खोळ करून डोक्यावरून घेता येते, हिवाळ्यात ते खाली अंथरले तर जमिनीचा गारवा वर येऊ देत नाही, आणि देवकार्यात बसावयास तेच लागते. कवठे महांकाळ तालुक्यातील आरेवाडीच्या बिरोबाला मानणाऱ्या घरांत त्याचे स्थान केवळ पांघरुणाचे नाही. इतके बहुउपयोगी वस्त्र असूनही ते ब्राह्मण-व्यापारी वस्तीतील अंथरुणावर फारसे चढले नाही. तेथे सुती वस्तूंचे राज्य होते.

सुती पांघरुणांत सर्वांत घरगुती ती वाकळ. अन्यत्र जिला गोधडी म्हणतात, तिलाच कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात वाकळ म्हणतात. वाकळ नव्या कापडाची होत नसे. नऊवारी लुगडे मधोमध विरले, की ते कापून धड कडा आतल्या बाजूला आणून जोडीत, यास दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडेही जीर्ण झाले, की त्याचे धडपे, म्हणजे वापरण्याजोगे तुकडे, निघत आणि ते वाकळीच्या वरच्या-खालच्या पदरांसाठी राखून ठेवले जात. आतल्या थरांत धोतरे, सदरे, पंचे, जे काही सुती असेल ते जाई. जमिनीवर थर पसरून कोपऱ्यांवर वरवंटा किंवा दगड ठेवून ताणून घेत आणि धावदोऱ्याने, म्हणजे एकामागून एक सरळ जाणाऱ्या लांबट टाक्यांनी, कडेपासून आत शिवत येत. शेजारच्या दोन-तीन जणी चारही बाजूंनी बसल्या तर काम लवकर उरके. टाके जितके जवळ तितके थर एकजीव होतात आणि त्यांच्यामध्ये अडकलेली हवा हलत नाही. वाकळीची ऊब या अडकलेल्या हवेची असते, म्हणूनच एका जाड कापडापेक्षा सहा-सात झिरझिरीत थर अधिक उबदार ठरतात. सतत धुऊन मऊ झालेले जुने सूत अंगाला बोचत नाही, म्हणून तान्ह्या मुलाची दुपटीही त्याचीच होत. शेवटी वाकळ फाटली, की तिचे पोतेरे होई आणि लुगड्याचा प्रवास संपे.

या वस्त्रांच्या हिवाळ्याची तयारी आश्विनाच्या तोंडावर सुरू होई. घटस्थापनेपूर्वी घर झाडून-सारवून सगळी अंथरुणे-पांघरुणे धुण्याच्या कामाला या भागात दसरा काढणे म्हणतात. कृष्णेच्या घाटावर, ओढ्यावर किंवा विहिरीवर भिजून जड झालेल्या वाकळी दोघी-दोघींनी पिळाव्या लागत आणि त्या काळ्या कातळावर पसरल्या जात. पावसाळ्यातील दमट वास काढून टाकण्यासाठी धार्मिक शुद्धीचे निमित्त होते; पण पाऊस ओसरल्यानंतरचे कडक ऊन आणि पुढे येणारी थंडी यांच्या नेमक्या मधली ही वेळ साधली गेली, यात पिढ्यान्पिढ्यांचे व्यवहारज्ञान दिसते.

गाद्या-उशांसाठी पिंजाऱ्यावर अवलंबून राहावे लागे. पिंजारी किंवा नदाफ या मुस्लिम समाजातील हे कारागीर हिवाळ्याच्या तोंडावर दारोदार येत. धनुष्यासारख्या मोठ्या पिंजणाची तात कापसात धरून तिच्यावर लाकडी ठोकळ्याने आघात केला, की गोळा झालेला जुना कापूस सुटा होऊन फुगतो. गिरण्या निघाल्यानंतर कताई-विणाईतून उरलेला कापूस आणि चिंध्या भरणासाठी स्वस्तात मिळू लागल्या. शेजारच्या इचलकरंजीत 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आला आणि पुढे हा सारा पट्टाच यंत्रमागांचा झाला. माधवनगरची गिरणी व माग त्याच वाटचालीतले. विकतची चादर कामगाराच्या आवाक्यात आली, ती या काळात. त्यातही सोलापुरी चादरीने, म्हणजे दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणाऱ्या जाड सुती चादरीने, आहेर, बक्षीस आणि पाहुण्याचे अंथरूण अशा तिन्ही जागा पटकावल्या. दुसऱ्या महायुद्धात मात्र कापड महागले आणि 1943 पासून त्याच्या किमतीवर व विक्रीवर सरकारी नियंत्रण आले. नवे लुगडे मिळेना तेव्हा जुने वाकळीसाठी सुटेना, असा त्या टंचाईचा परिणाम थेट पांघरुणापर्यंत पोहोचला असणार.

घराबाहेरची ऊब सामाईक होती. चावडीपुढे, खळ्यावर किंवा गिरणीच्या दाराशी पेटलेली शेकोटी आणि गुऱ्हाळावरचे चुलवण, म्हणजे उसाचा रस आटवण्याची मोठी भट्टी, ही गप्पांची हक्काची ठिकाणे. तेथे बसण्यास परवानगी लागत नसे, तरी बायकांना तेथे सहसा जागा नव्हती, ही गोष्ट अशा आठवणींच्या वर्णनांतून निसटते. त्यांची ऊब चुलीपुढेच राहिली. पौषात भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी, संक्रांतीला तीळगूळ, असा उष्ण समजला जाणारा आहारही त्याच चुलीवर सिद्ध होई.

या व्यवस्थेला धक्का बसला तो एका दिशेने नव्हे. 1970 नंतर कृत्रिम धाग्याच्या साड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. त्या फाटत नाहीत, विरत नाहीत आणि धुऊन मऊही होत नाहीत, म्हणून त्यांची वाकळ निसरडी होते, घाम शोषत नाही आणि थर एकमेकांवरून सरकतात. पानिपतात जुन्या लोकरी कपड्यांच्या पुनर्वापरातून बनणारी स्वस्त ब्लँकेटे आठवडे बाजारात आली आणि घोंगड्याचा खप घटला. राठ दख्खनी लोकरीला पुरेसे गिऱ्हाईक उरले नाही. गॅस आला तेव्हा निखारा संपला, आणि त्याबरोबर राखेखाली विस्तव राखण्याचे कौशल्यही. माधवनगरातील गिरणी बंद झाली. आज परिसरात वाकळी शिवून देणाऱ्या स्त्रिया आहेत. पण बहुतेक ठिकाणी शिवण यंत्रावर पडते, वरचे कापड गिऱ्हाइकाच्या आईच्या किंवा आजीच्या साडीचे असते, आणि आतला भरणा पुष्कळदा बाजारातील तयार कृत्रिम कापसाचा असतो.