न सांगता दिलेली गोळी : दारू सोडवणाऱ्या एका औषधाचा इतिहास

गोंदिया जिल्ह्यात एसटीने फिरलात तर भिंतींवर एक जाहिरात हमखास दिसेल. कधी रंगाने लिहिलेली, कधी विजेच्या खांबाला चिकटवलेली. मजकूर थोडाफार बदलतो, पण वचन एकच असतं : पिणाऱ्याला कळू न देता त्याची दारू सोडवा. खाली मोबाईल नंबर.

मी वैद्यकाच्या इतिहासावर पीएचडी करतो, म्हणजे माझा बराचसा वेळ जुन्या कागदांत जातो. पण मागच्या उन्हाळ्यात देवरी तालुक्यातल्या एका गावात माझा विषय ऐकून एका बाईंनी सरळ विचारलं, "भाऊ, त्याले न सांगता देता येते का थे गोळी?" तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोललो. नीट उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास सांगावा लागतो. तो आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी आपल्या भागाबद्दल थोडं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. ती वेचायची, वाळवायची, विकायची, खायची आणि त्यातल्या काहींची दारूही काढायची, असा हा जुना व्यवहार आहे. देवाला, लग्नाला, मयताला मोहाची दारू लागते. त्यामुळे 'आदिवासी भाग म्हणजे व्यसन' असं समीकरण मांडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पिणं आणि पिण्यावाचून न चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट शहरातही तितकीच आहे.

सरकारने मात्र बहुतेक वेळा बाटलीकडे पाहिलं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात होता. त्या मध्य प्रांत-वऱ्हाडात 1938 साली दारूबंदीचा कायदा झाला. मुंबई राज्याचा कायदा 1949 चा. वर्धा जिल्ह्यात 1975 ला दारूबंदी आली, गडचिरोलीत 1993 ला. चंद्रपुरात ती 2015 ला आली आणि 2021 ला उठली. 1999 मध्ये वेगळा झालेला आपला जिल्हा गडचिरोलीला लागून आहे, पण इथे बंदी नाही. या सगळ्या इतिहासावर ढीगभर लिहिलं गेलंय. ज्याचं शरीर आधीच दारूवर अवलंबून आहे त्याला औषध कोणतं द्यायचं, याचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही. त्याची सुरुवात होते रबराच्या कारखान्यात.

अमेरिकेतल्या एका रासायनिक कारखान्याचे डॉक्टर ई. ई. विल्यम्स यांनी 1937 मध्ये एक निरीक्षण छापलं. रबर लवकर पक्कं व्हावं म्हणून वापरायच्या रसायनांत काम करणाऱ्या मजुरांना बिअर सोसेनाशी झाली होती. थोडी प्यायली तरी चेहरा लाल व्हायचा, छाती धडधडायची. दारूच्या व्यसनावर हा उपाय ठरेल का, अशी शंका त्यांनी तिथेच बोलून दाखवली. पुढे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाशेवटाला कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघे त्याच कुळातलं एक रसायन तपासत होते. त्याचं नाव डायसल्फिराम. त्यांना हवं होतं जंतांवरचं औषध. गोळी माणसाला सोसते का हे पाहायला दोघांनी ती स्वतःच घेतली, आणि नंतर नेहमीसारखं थोडं मद्य घेतल्यावर दोघांचीही तब्येत बिघडली. एकमेकांशी बोलल्यावर गोष्ट लक्षात आली. 1948 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि मार्टेन्सन-लार्सन या डॉक्टरांनी रुग्णांवरचे अनुभव मांडले. 'अँटाब्यूज' या नावाने औषध जगभर गेलं.

ते काम कसं करतं? पोटात गेलेल्या दारूचं आपलं यकृत आधी अॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं, आणि मग तो पदार्थ मोडून टाकतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं. विष रक्तात साचतं. चेहरा तापतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब खाली येतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम जवळजवळ दोन आठवडे टिकू शकतो.

सुरुवातीच्या वर्षांत डॉक्टरांनी उत्साहात फार मोठे डोस दिले. रुग्णाला गोळी देऊन मुद्दाम समोर दारू पाजायची, म्हणजे त्याला धडा मिळेल, अशीही पद्धत होती. त्यात मृत्यू झाले. मग डोस कमी झाला, पाजणं थांबलं. आज साधारण 250 मिलिग्रॅमची गोळी देतात. शेवटच्या घोटानंतर किमान 12 तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत, आणि त्याआधी हृदय आणि यकृत तपासतात.

आता मुंबईत येऊ. डॉ. अविनाश डिसोझा आणि डॉ. अॅलन डिसोझा यांनी 2004 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दारूवर अवलंबून असलेले 100 पुरुष. निम्म्यांना डायसल्फिराम, निम्म्यांना नालट्रेक्सोन. नालट्रेक्सोन वेगळ्या वाटेने जातं. ते त्रास देत नाही, दारूने मेंदूला मिळणारं सुख आणि तल्लफ कमी करतं. वर्षाअखेरीस डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी 86 टक्के दारूपासून दूर होते, नालट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी 44 टक्के. तल्लफ मात्र नालट्रेक्सोनच्या गटात कमी होती.

हे आकडे वाचून 'डायसल्फिराम भारी' असं म्हणून मोकळे होऊ नका. त्या अभ्यासातली महत्त्वाची गोष्ट अशी की प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी गोळीवर लक्ष ठेवायला तयार होतं. म्हणजे इथेही घरचं माणूसच गोळी देत होतं, जसं त्या जाहिरातीत आहे. फरक इतकाच की घेणाऱ्याला माहीत होतं आणि त्याने होकार दिला होता.

हा फरक केवढा मोठा आहे ते 2014 मध्ये स्पष्ट झालं. डायसल्फिरामच्या 22 चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. आपण काय घेतोय हे रुग्णांना माहीत होतं त्या चाचण्यांत औषधाचा फायदा ठळक दिसला. खरी गोळी आपल्याला मिळतेय की खोटी, हे रुग्णांपासून लपवलेल्या चाचण्यांत तो दिसला नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. मग उलगडा झाला. ही गोळी तल्लफ घालवत नाही. सकाळी गोळी घेतलेला माणूस संध्याकाळी दुकानासमोरून जाताना स्वतःशी म्हणतो, आज प्यायलो तर मेलो, आणि पुढे निघून जातो. रोज एकदा ठरवायचं, दिवसभर पुन्हा पुन्हा ठरवत बसायचं नाही. औषधाचा निम्म्याहून जास्त गुण या माहीत असण्यात आहे.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे परत या. वरणात कालवलेली गोळी खाणाऱ्याला माहीतच नसेल, तर तो दुकानासमोर थांबणार नाही. तो रोजच्यासारखी पिणार. मग उलट्या, घाम, घसरलेला रक्तदाब. हृदय कमकुवत असेल तर जिवावर बेतणार, आणि दवाखान्यात डॉक्टरांना काय झालंय तेही कळणार नाही. म्हणजे न सांगता दिल्याने धोका सगळा उरतो आणि फायदा निघून जातो. भिंतीवरच्या पुडीत तर कित्येकदा काय आहे हेच लिहिलेलं नसतं. आणखी एक : डायसल्फिराम घेणाऱ्याने आसव-अरिष्टं आणि अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधंही टाळायची असतात. ज्याला गोळीच माहीत नाही तो ती कशी टाळणार?

पण त्या बाईंना दोष देण्याआधी हेही पाहा. एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या 2019 च्या अहवालानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी फक्त एकाला कसलेतरी उपचार मिळाले होते. उरलेल्या 37 जणांच्या घरांपर्यंत डॉक्टर पोचला नाही, भिंतीवरचा नंबर पोचला. त्यांच्या बायका, आया, मुली फसवायला निघालेल्या नसतात. त्या थकलेल्या असतात.

आणि आता डायसल्फिराम हे एकच औषध नाही. नालट्रेक्सोन आणि अॅकॅम्प्रोसेट ही दोन्ही 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आली. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या काही दिवसांत हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. त्या दिवसांसाठीही औषधं आहेत, आणि तेव्हा डॉक्टर जवळ असावा लागतो. गावाने ठराव करून दारू बंद केली तर हे लक्षात ठेवा. ठराव चांगला असेल, पण त्या रात्री एखाद्या घरात झटका आला तर गाडीची सोय झालेली हवी.

त्या बाईंना मी आज असं सांगेन : मावशी, न सांगता नको. तो शुद्धीत असेल अशा एखाद्या सकाळी त्याला विचारा. बहुतेक पिणाऱ्यांना कधी ना कधी सोडावंसं वाटलेलं असतं. 'हो' म्हणाला तर त्याच दिवशी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. गोळी लिहून दिली तर रोज सकाळी तुमच्या हाताने, त्याच्या डोळ्यांदेखत द्या. 'नाही' म्हणाला तर तुम्ही एकट्या 14446 या व्यसनमुक्तीच्या किंवा 14416 या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. दोन्ही सरकारी आहेत, पैसे लागत नाहीत, आणि घरच्या माणसालाही बोलता येतं.

भिंतीवरच्या नंबराशेजारी हे दोन नंबर कुणी लिहिले, तर माझ्या प्रबंधापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.