नळीचे बूड : तानेगाशिमाचा लोहार आणि गोव्याचे मळसूत्र

आपल्या लोहार ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे पहिली अडचण येते ती नावांची. तरवार ज्याने गाजविली त्याचे नाव बखरीत मिळते. ती ज्याने घडविली त्याचे मिळत नाही. किल्ल्याच्या दरवाजावरचे अणकुचीदार खिळे आजही जागच्या जागी आहेत, पण ते कोणाच्या घणाखालून निघाले हे सांगावयास कागद नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत एका परदेशी लोहाराची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे. त्याचे नाव टिकले आहे, आणि त्याच्या कामातील सर्वांत बिकट भागाचा धागा आपल्या गोमंतकापर्यंत येऊन पोहोचतो.

सन १५४३ मध्ये जपानच्या दक्षिणेस असलेल्या तानेगाशिमा नावाच्या बेटास एक चिनी गलबत लागले. त्यावर काही पोर्तुगीज होते. भाषा कोणाची कोणास कळेना, तेव्हा गलबतावरील एका चिनी विद्वानाने व गावच्या मुखियाने काठीने वाळूत चिनी अक्षरे लिहून संभाषण केले. पोर्तुगीजांपाशी तोड्याच्या बंदुका होत्या. बेटाचा तरुण अधिपती तोकिताका ह्याचे वय त्या वेळी अवघे पंधराच्या घरात. त्याने किमतीचा विचार न करता त्यांतील दोन विकत घेतल्या. दारू तयार करण्याची विद्या शिकण्यास त्याने आपल्या एका सेवकास नेमले आणि बंदुकीची हुबेहूब नक्कल उठविण्याचे काम बेटावरील लोहारांकडे सोपविले. त्यांत याइता किन्बेई कियोसादा हा प्रमुख होय. हा वृत्तान्त ‘तेप्पोकी’, म्हणजे ‘बंदुकीची हकीकत’, ह्या लहानशा लेखात आला आहे. तोकिताकाच्या मुलाच्या इच्छेवरून नान्पो बुन्शी नावाच्या भिक्षूने तो १६०६ मध्ये, म्हणजे घडल्या गोष्टीस साठ वर्षे उलटून गेल्यावर, लिहिला.

किन्बेई नवशिका नव्हता. बेटाच्या किनाऱ्यावर लोहयुक्त वाळू विपुल, आणि लोहारकामाची परंपरा जुनी. सळईभोवती तापलेली पट्टी गुंडाळावी, कडा एकमेकींवर आणून तावात जोडाव्या, वरून आणखी ठोकावे, मग आतील पोकळी घासून सरळ करावी, ही कामे अवघड खरी. परंतु ज्याच्या अंगी ताव ओळखण्याची नजर आहे त्याच्या आवाक्याबाहेरची नव्हेत. नक्कल बाहेरून मुळाबरहुकूम साधली. अडले ते नळीच्या बुडाशी.

ही अडचण लोहारानेच समजून घ्यावी अशी आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी तोंडाकडून भरतात. मागचे टोक बंद असावे लागते, आणि दारू पेटताच साऱ्या वायूचा धक्का त्याच बुडावर बसतो. तेथे नुसते बूच ठोकून बसविले तर ते उडून बार करणाऱ्याच्याच तोंडावर येण्याची भीती. बरे, तावात जोडून कायमचे बंद करावे, तर नळी साफ कशी करावयाची? सोरा, गंधक आणि कोळसा ह्यांची ती काळी दारू. जळल्यानंतर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होता घनरूपानेच उरतो. ही कीट नळीत साचते, हवेतील ओल ओढून घेते आणि लोखंड खाऊ लागते. म्हणजे बूड असे हवे की जे बाराच्या वेळी डोंगरासारखे अचल राहील आणि नंतर हाताने काढता येईल. पोर्तुगीजांच्या बंदुकीत ह्याला एकच उत्तर होते : मळसूत्र. खुंटीवर बाहेरून आटे आणि नळीत आतून त्यांना जुळणारे आटे. बाहेरचे आटे रेघ आखून कानशीने पाडता येतील. आतले कसे पाडावयाचे? तेथे ना कानस शिरे, ना नजर.

पुढल्या वर्षी बेटावर पुन्हा परदेशी व्यापारी आले. सुदैवाने त्यांत एक लोहारही होता. तोकिताकाने किन्बेईला त्याच्याकडून बूड बंद करण्याची रीत शिकावयास लाविले, आणि वर्ष-सव्वा वर्षात नव्या घडणीच्या कित्येक दशके बंदुका तयार झाल्या, असे ‘तेप्पोकी’ सांगते. ह्या विद्येच्या मोबदल्यात किन्बेईने आपली मुलगी वाकासा त्या परदेशीयास दिली, अशी एक करुण कथा तिकडे प्रचलित आहे. तिचे स्मारकही बेटावर आहे. ‘तेप्पोकी’त तिचा उल्लेख नाही. लोहाराच्या मुलीची नोंद ठेवण्याचे भिक्षूला कारण वाटले नसावे, की कथाच मागाहून रचली गेली, ह्याचा निर्णय वाचकांनी करावा.

आता गोव्याकडे वळू. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतले तेव्हा तेथे बंदुका घडविणारे निष्णात कारागीर त्यास आढळले. १५१३ च्या सुमारास पोर्तुगालच्या राजास पाठविलेल्या पत्रात तो लिहितो की, हे लोक बोहेमियातील कारागिरांच्या तोडीच्या बंदुका करतात आणि त्यांच्या नळ्यांना मळसूत्राचे बूड असते. सोबत त्याने कामाचे नमुने धाडले, आणि एक गोमंतकीय उस्तादही राजाच्या सेवेस रवाना केला! म्हणजे जे कोडे जपानात १५४३ मध्ये सुटत नव्हते, ते मांडवीकाठच्या भट्ट्यांत तीस वर्षांपूर्वीच सुटलेले होते. जपानी बंदुकीचा चाप व तोड्याची मांडणी युरोपातील नमुन्यांपेक्षा गोवा-मलाक्का बाजूच्या नमुन्यांस अधिक जवळची आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. तथापि तानेगाशिमास उतरलेला तो लोहार गोमंतकीयच होता, असे ठोकून देण्याचा मोह आपण टाळावा. अभिमानाला पुरावा लागतो. आणि जेवढा पुरावा आहे तेवढाच कमी नाही.

विद्या हाती येताच ती बेटावर राहिली नाही. साकाई बंदराचा ताचिबानाया मातासाबुरो हा व्यापारी एक-दोन वर्षे तेथे राहून शिकला आणि परत गेल्यावर लोक त्यास ‘बंदुकवाला माता’ म्हणू लागले. साकाई आणि बिवा सरोवरालगतचे कुनितोमो ही गावे ह्या धंद्याने भरभराटीस आली. आणि येथेच नक्कल संपून निर्मिती सुरू झाली. नळीच्या गाभ्यावर दुसरी पट्टी वेलीसारखी तिरपी गुंडाळून ती दुहेरी मजबूत करू लागले. बाहेरून अष्टकोनी पैलू पाडण्याची आवड रुजली. नळीचे माप तोंडाच्या रुंदीने न सांगता शिशाच्या गोळीच्या वजनाने सांगण्याची रीत पडली : एक मोम्मे म्हणजे ३.७५ ग्रॅम, आणि दहा मोम्मे गोळीच्या बंदुकीचे तोंड सुमारे १८ मिलिमीटर. कोणी तोंडाशी फुगवटा दिला, कोणी पाठीवर चांदीची नक्षी जडविली. एकोणिसाव्या शतकात तोडा मागे पडला तेव्हा कित्येक जुन्या नळ्यांना टोपीचा घोडा बसवून त्या पुन्हा कामास लाविल्या गेल्या. तीनशे वर्षांची नळी फेकून देण्यास मन कोणाचे धजेल!

हल्ली ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजीत ‘तानेगाशिमा’ नावाचीच एक स्पर्धा असते. तोड्याची बंदूक, उभ्याने नेम, अंतर ५० मीटर. अस्सल जुन्या बंदुकांची व नव्या नकलांची गणना वेगवेगळी. नक्कल करणाऱ्या आजच्या कारागिरापाशी यंत्राचा सांधा आहे, आटे पाडण्याची तयार हत्यारे आहेत. किन्बेईचे वर्षभराचे काम तो घटकेत उरकतो.

जपानी लोहार मात्र एक गोष्ट कटाक्षाने करीत. नळीच्या खालच्या पैलूवर, जो लाकडी दस्त्यात झाकला जातो, ते छिन्नीने आपले नाव व गाव कोरीत आणि नळी दुहेरी गुंडाळीची असेल तर तेही लिहीत. बंदूक बाळगणाऱ्यास हे नाव एरवी दिसत नाही. दस्त्यातील खुंट्या काढून नळी उचलून उलटी धरली म्हणजे ते वाचता येते.