दिव्यांग सल्लागार मंडळे

दिव्यांग (पूर्वीची संज्ञा अपंग) व्यक्तींच्या हक्कांविषयी व पुनर्वसनाविषयी शासनास सल्ला देणाऱ्या वैधानिक संस्था. त्यांना प्रथम कायद्याचा आधार मिळाला तो १९९५ च्या अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग) अधिनियमाने. हा अधिनियम ७ फेब्रुवारी १९९६ पासून अंमलात आला. त्यान्वये समाजकल्याण मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य समन्वय समितीची तरतूद झाली. तीत बिगरसरकारी संस्थांच्या प्रतिनिधींसाठी पाच जागा होत्या. या प्रतिनिधी शक्यतो अपंग व्यक्तीच असाव्यात आणि त्यांत किमान एक स्त्री व अनुसूचित जाती वा जमातीची एक व्यक्ती असावी, असा दंडक होता. सचिव व अधिकारी यांच्या तुलनेत हे प्रतिनिधी अल्पसंख्यच राहत.

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क संहितेस अनुसमर्थन दिले. संबंधित निर्णयप्रक्रियेत दिव्यांगांशी त्यांच्या संघटनांद्वारे विचारविनिमय करण्याचे बंधन या संहितेने घातले. तदनुसार झालेल्या २०१६ च्या अधिनियमाने (अंमल १९ एप्रिल २०१७) समन्वय समितीची जागा राज्य सल्लागार मंडळास दिली व दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. संस्थांच्या प्रतिनिधींची संख्या दहा झाली. त्यांपैकी किमान पाच स्त्रिया असाव्यात, तसेच अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांची किमान प्रत्येकी एक व्यक्ती असावी, असे ठरले. यांखेरीज पाच तज्ञ व जिल्ह्यांचे पाच प्रतिनिधी नियुक्त केले जातात. नियुक्त सदस्यांची मुदत तीन वर्षांची असून सहा महिन्यांतून निदान एक बैठक आवश्यक असते.

जिल्ह्यांच्या जागा आळीपाळीने व जिल्हा प्रशासनाच्या शिफारशीनेच भरावयाच्या असतात. महाराष्ट्रातील ३६ जिल्ह्यांचा विचार करता, आळी काटेकोरपणे पाळली तरी एका जिल्ह्यास पुन्हा संधी मिळण्यास एकवीस वर्षे वा त्याहून अधिक काळ लागेल. त्यामुळे रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने जिल्हास्तरीय समितीचे महत्त्व मोठे ठरते. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांत पसरलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ (२०११) होती व दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १,१२२ होते. रोजगारासाठी पुरुष मुंबईस गेल्याने अनेक घरांत दिव्यांग व्यक्तीच्या सेवेचा भार स्त्रियांवर व वृद्धांवर पडतो. डोंगराळ प्रदेशातील विखुरलेल्या वाड्यांमुळे प्रमाणपत्रासाठी वा उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणेही कष्टाचे होते. रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालय आहे आणि मानसिक आजार हा दिव्यांगत्वाचा मान्य प्रकार आहे. तथापि अशा रुग्णांच्या वतीने बोलणाऱ्या संघटना सर्वत्र विरळ असतात. अधिनियमाने जिल्हा समितीची घटना न ठरविता कार्ये विहित करण्याचे काम राज्याच्या नियमांवर सोपविले आहे. तिचे बळ म्हणूनच या नियमांवर व तालुक्यांतून येणाऱ्या प्रतिनिधित्वावर अवलंबून राहते.

पद रिक्त असल्याच्या केवळ कारणावरून मंडळाचे कामकाज अवैध ठरत नाही. या तरतुदीने काम अडत नाही. पण रिकाम्या जागा भरण्याची निकडही तिच्यामुळे उरत नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाल्याने प्रशासकीय जबाबदारी एकत्र आली. मात्र सल्लागार मंडळांचा उपयोग वेळेवर होणाऱ्या नियुक्त्या, नियमित बैठका आणि सदस्यांसाठी सांकेतिक भाषेचे दुभाषी, ब्रेल कागदपत्रे व सुगम सभास्थान यांची सोय यांवरच ठरतो.