दोन भिंती आणि एक कोरा कागद

१

पुणतांब्याच्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरा कागद पाठविला, ही कथा महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ज्ञानदेव वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ते ज्ञानाने थोर. ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा, तर ते वयाने लहान. मायनाच ठरेना, तेव्हा चौदाशे वर्षांच्या या योग्याने कागद कोराच धाडला. त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर मिळाले. ती चांगदेव पासष्टी. पुढे चांगदेव वाघावर बसून भेटीला आले, तेव्हा भावंडे बसली होती ती भिंतच त्यांना सामोरी चालत गेली, असे परंपरा सांगते. गोदावरीकाठचे पुणतांबे चांगदेवांच्या समाधीमुळे तीर्थक्षेत्र ठरले. आज हे गाव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील राहाता तालुक्यात आहे.

दलित विद्यार्थी आपल्या गावाचा इतिहास लिहावयास बसतो, तेव्हा त्याच्याही पुढ्यात कोराच कागद असतो. पण हा कागद संकोचाने कोरा राहिलेला नाही. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांना या माणसांना काय मायना लिहावा हा प्रश्नच कधी पडला नाही, म्हणून तो कोरा राहिला. त्यावर काय लिहावयाचे, कशाच्या आधारे लिहावयाचे आणि लिहिलेले प्रतिपक्षापुढे टिकवावयाचे कसे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमच्या विद्यार्थ्यांचे संशोधनपर निबंध वाचताना दोन प्रकार वारंवार आढळतात. पहिला उताऱ्यांचा. अमुक विद्वान असे म्हणतात, तमुक विद्वान तसे म्हणतात, अशी माळ ओवली जाते आणि शेवटी लेखक स्वतः काहीच म्हणत नाही. दुसरा घोषणांचा. यात निष्कर्ष पहिल्याच ओळीत येतो, आणि पुढची दहा पाने त्याच ओळीचा आवाज चढत जातो. पहिल्यात पुरावा असतो पण पक्ष नसतो. दुसऱ्यात पक्ष असतो पण पुरावा नसतो. प्रस्थापित विद्वत्तेला हे दोन्ही निबंध सोयीचेच आहेत. पहिला तिची हमाली करतो, आणि दुसरा वाचल्यावाचून बाजूला सारता येतो.

२

पक्ष आणि पुरावा यांची सांगड कशी घालावी, याचा वस्तुपाठ आपल्या घरातच आहे. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींविषयी निबंध वाचला. १९१७ साली तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. हा निबंध आपण बहुधा त्यातील विचारासाठी वाचतो. त्याची बांधणीही तितक्याच बारकाईने पाहिली पाहिजे.

बाबासाहेब आरंभी चार अभ्यासकांच्या व्याख्या मांडतात: सेनार, नेसफील्ड, रिझले आणि केतकर. मग एकेकाची उलटतपासणी होते. सेनार विटाळाच्या कल्पनेवर भर देतात. पण विटाळ हा जातीचाच खास विशेष नव्हे. नेसफील्ड रोटीबंदी पुढे करतात. पण ती जातीचे कारण नसून परिणाम आहे. रिझले यांच्याकडे नवीन काही सापडत नाही. केतकरांना मात्र ते मान देतात. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केतकरांनी जातीची दोन लक्षणे दिली होती: जन्माने मिळणारे सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाची बंदी. बाबासाहेब दाखवून देतात की ही दोन लक्षणे वेगळी नाहीत, एकाच नाण्याच्या त्या दोन बाजू आहेत. बेटीबंदी असली की जन्माचे सभासदत्व ओघानेच येते. येथून त्यांचा स्वतःचा सिद्धांत सुरू होतो: मूळच्या बहिर्विवाही समाजावर अंतर्विवाह लादला गेला आणि त्यातून जात निर्माण झाली. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींची संगती ते याच सूत्राने लावतात.

येथे संश्लेषण म्हणजे काय ते कळते. संश्लेषण म्हणजे चार मतांची सरासरी नव्हे, किंवा चौघांनाही थोडेथोडे खरे ठरविण्याची सभ्यताही नव्हे. प्रत्येकाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडावयाचे, ते कोठे तोकडे पडते ते नेमके दाखवावयाचे, आणि जे उरते त्यातून असा सिद्धांत उभा करावयाचा की ज्याने अधिक वस्तुस्थितीचा उलगडा होईल. हेच शस्त्र त्यांनी १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात पुन्हा वापरले. अस्पृश्यता वंशभेदातून आली हे स्टॅन्ले राइस यांचे मत तपासताना त्यांनी डॉ. घुर्ये यांनी दिलेली नाकांची मापे घेतली, आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत हे त्या मापांवरूनच दाखविले. पुरावा कोणी गोळा केला याने तो बाटत नाही. तो काय सिद्ध करतो, एवढेच पाहावयाचे असते.

३

आता पुणतांब्याकडे वळू. या परिसराचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे कोणती साधने येतात?

पहिले साधन पोथी. नगर जिल्ह्यातल्याच ताहाराबादच्या महिपतींनी (१७१५–१७९०) ‘भक्तविजय’ लिहिला. त्यात चांगदेवांची कथा आहे तशी चोखोबांचीही आहे. या कथा घडलेल्या घटनांचा पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत. चौदाशे वर्षे कोणी जगत नाही आणि भिंत चालत नाही. तेवढ्यावरून विद्यार्थी पोथी फेकून देतो, आणि येथेच तो चुकतो. संतपरंपरेत भिंती दोन आहेत. एक ज्ञानदेवांची, चालणारी. दुसरी मंगळवेढ्याची. तेथे गावकुसाच्या कामावर लावलेल्या मजुरांवर भिंत कोसळली आणि चोखामेळा तिच्याखाली चिरडला गेला. या मृत्यूचे परंपरेने मानलेले वर्ष १३३८ आहे. नामदेवांनी त्याच्या अस्थी विठ्ठलनामाच्या आवाजावरून ओळखल्या, असे कथा पुढे सांगते. अस्थींतून नाम ऐकू आले, याचे नवल कथेने केले आहे. पण ज्याला पांडुरंगाचा लाडका भक्त म्हणावयाचे त्याला भिंतीच्या कामावर जुंपले गेले, याचे नवल कथेला वाटत नाही. साधन जे सांगावयास बसलेले नसते ते त्याच्या तोंडून सहज निसटते, आणि तीच साक्ष अधिक मोलाची असते. चमत्कार खोटा असेल. पण भक्तीने वेठ चुकत नाही हे गृहीतक खरे आहे, कारण ऐकणाऱ्या समाजाला त्यात काहीच खटकले नाही.

दुसरे साधन सरकारी दप्तर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगरवरील सतरावा खंड १८८४ साली निघाला. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला होता आणि पुणतांबे त्यावरचे स्थानक होते. गॅझेटियरला देवळे दिसतात, घाट दिसतात, बाजार दिसतो, जातवार लोकसंख्या दिसते. महसूल आणि कारभार यांसाठी जे जाणून घ्यावयाचे ते त्यात आहे. महार तेथे गावकामगार म्हणून नोंदला आहे. त्याचे काम नोंदले आहे, त्याचे म्हणणे नोंदलेले नाही.

तिसरे साधन त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५). गावच्या व्यवहाराचे इतके तपशीलवार वर्णन मराठीत क्वचितच सापडेल. पण आत्रे महसूल खात्यात वावरलेले. त्यांचा कळवळा मुख्यतः कुणब्याचा आहे, आणि बलुतेदार, त्यांत महारही, त्यांना कुणब्याच्या खळ्यावरचा भार वाटतो. चौथे साधन अलेक्झांडर रॉबर्टसन यांचा महारांवरील १९३८ चा ग्रंथ. त्यात आस्था आहे. परंतु ती मिशनऱ्याची आस्था आहे. पाचवे साधन वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण: येसकराची काठी, तराळकी, गावची दवंडी, ओढलेली ढोरे, दारोदार मागितलेली भाकरी, आणि बेदरच्या बादशहाने अमृतनाकाला दिलेल्या बावन्न हक्कांची कथा.

पाच साधने, पाच हेतू. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: तू कोणासाठी लिहिलेस? तुला काय दिसत होते? आणि काय दिसूनही तू सांगितले नाहीस? आपल्या म्हाताऱ्यांनाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत. आठवण आपली आहे म्हणून ती उलटतपासणीतून सुटत नाही. बावन्न हक्कांची कथा अभिमानाने सांगितली जाते. पण त्या हक्कांच्या यादीत किती हक्क आणि किती ओझी, हे मोजावयास नको काय?

४

साधने एकमेकांस छेद देतात तेव्हा निबंधाची खरी कसोटी लागते. याच भागातले एक उदाहरण घेऊ.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. महारकीच्या गुलामीतून समाजाला सोडविणे हा त्याचा हेतू होता. पुढे डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव येथे, म्हणजे पुणतांब्याच्या शेजारच्याच श्रीरामपूर भागात, त्यांच्या अध्यक्षतेखाली महार-मांग वतनदारांची परिषद भरली. वतनी जमिनींवर वाढविलेल्या जुडीविरुद्ध तिने आवाज उठविला. विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. १९२८ साली वतन नको म्हणणारा नेता १९३९ साली वतनी जमिनीसाठी का भांडतो? प्रतिपक्ष लगेच विसंगतीचा आरोप करील. भाविक अनुयायी यांपैकी एक प्रसंग गाळून टाकील. दोन्ही मार्ग संशोधनाचे नव्हेत.

विधेयक मुळातून वाचले म्हणजे गाठ सुटते. वतनदाराला सेवेतून मुक्त होता यावे, जमीन त्याच्याकडे राहावी आणि त्याने इतर रयतेप्रमाणे पूर्ण सारा भरावा, अशी त्यातली मागणी होती. म्हणजे सारा भरण्यास महारांचा विरोध कधीच नव्हता. सारा भरावयाचा तो वेठ सुटल्याच्या मोबदल्यात. १९३९ साली घडत होते ते उलट: चाकरी गळ्यात तशीच, आणि वर जुडीची वाढ. सेवाही द्या आणि पैसाही द्या. १९२८ चा युक्तिवाद आणि १९३९ चा विरोध एकाच तत्त्वातून निघतात: एका जमिनीची किंमत एका माणसाकडून दोनदा घेता येणार नाही. ही कनिष्ठ वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

आता आत्र्यांकडे परत यावे. बलुत्याचा भार कुणब्यावर पडतो हे आत्र्यांचे म्हणणे. वतनाने महार बांधला जातो हे बाबासाहेबांचे म्हणणे. वरवर पाहता ही दोन टोके वाटतात. वस्तुतः ज्या सरकारी चाकरीचे वेतन सरकारी खजिन्यातून द्यावयास हवे होते, ते सरकार शेतकऱ्याच्या खळ्यावर आणि महाराच्या तुटपुंज्या जमिनीवर भागवीत होते. कुणबी आणि महार खळ्यावर मूठभर दाण्यांसाठी एकमेकांस शिव्या देत राहिले आणि तिसरा नामानिराळा राहिला. हे विधान ना आत्र्यांच्या ग्रंथात जसेच्या तसे सापडेल, ना म्हाताऱ्यांच्या आठवणीत. दोन्ही साधने समोरासमोर बसविली तेव्हाच ते निघाले. संशोधनपर निबंधाने करावयाचे काम ते हेच.

५

दुवे निखळलेले असतील तेथे काय करावे? १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हा प्रश्न टाळलेला नाही. सरळ पुरावा नसेल तेथे अभ्यासकाने अनुमानाचा पूल बांधावा. मात्र तो पूल आहे हे वाचकापासून लपवू नये, अशी त्यांची भूमिका आहे. आपल्या सिद्धांताला त्यांनी अंतिम शब्द म्हटले नाही, तो तपासा असेच सांगितले. आपण त्यांच्या ग्रंथाची पोथी केली तर तो त्यांच्या पद्धतीचाच पराभव ठरेल. शोषितांच्या बाजूने लिहिलेले एक खोटे वाक्य शंभर खऱ्या वाक्यांचा विश्वास घालविते. सत्तेपाशी चूक पचविण्याची ताकद असते, आपल्यापाशी ती नाही. म्हणून आपला पुरावा त्यांच्यापेक्षा अधिक चोख असला पाहिजे. हा अन्याय आहे, पण तो ओळखूनच लेखणी हाती घ्यावी लागते.

साधने आज पूर्वीइतकी दुर्मीळ नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडशः प्रसिद्ध केली आहेत; कौन्सिलातील भाषणेही त्यांत आहेत. आठवणी सांगणारी माणसे मात्र झपाट्याने जात आहेत. ज्यांनी येसकरकी स्वतः केली ती पिढी आता जवळजवळ संपली. ज्यांनी ती आपल्या बापाला करताना पाहिली, त्यांच्यापाशी या सुट्टीत वही घेऊन बसावे.

आणि विषय जुनेच हवेत असे नाही. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या संपाची हाक पुणतांब्यातूनच निघाली आणि साऱ्या राज्यात पसरली. कर्जमाफी आणि शेतमालाला भाव या मागण्या न्याय्य होत्या, आणि ‘सातबारा कोरा करा’ ही घोषणा घराघरांत पोहोचली. या संपाची कागदपत्रे, बातम्या, ठराव विपुल आहेत. उद्याचा इतिहासकार त्यांवरूनच लिहील. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याने काय कोरे करून घ्यावयाचे? संपाच्या दिवसांत शेतमजुराची रोजी कोणी मोजली? मजुराचे आणि शेतकऱ्याचे हित कोठे एक होते आणि कोठे फाटत होते? या प्रश्नांची उत्तरे मला आधीच ठरवावयाची नाहीत. ती वस्तीत जाऊन, खळ्यावर जाऊन, दप्तर उघडून शोधावयाची आहेत.

चांगदेवांच्या कोऱ्या कागदाला उत्तर देणारा ज्ञानदेव भेटला. आपल्या कागदाला उत्तर द्यावयास दुसरा कोणी येणार नाही. तो आपणच लिहावा लागेल. आणि असा लिहावा लागेल की मंगळवेढ्याच्या भिंतीखालचा माणूस उठून वाचू लागला, तर त्याला त्यात खोटे काही सापडू नये.