‘पेठ वडगाव’ ईमेलमध्ये कसे मोडते

ईमेल एका यंत्रावरून दुसऱ्यावर कसा न्यायचा, याचे नियम ऑगस्ट १९८२ च्या आरएफसी ८२१ या दस्तऐवजात आहेत. त्यातली एक अट अशी, की प्रत्येक अक्षर सात बिटांचे असेल आणि बाइटमधला आठवा बिट शून्य करून पाठवायचा. लिहिणाऱ्यांसमोर इंग्रजी होती. फ्रेंच अक्षरांवरच्या तिरप्या रेघासुद्धा त्यांच्या हिशेबात नव्हत्या, तिथे हातकणंगले तालुक्यातले पेठ वडगाव कुठून असणार?

भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३१९४ हे मानक १९९१ चे. ‘इस्की’ या नावाने ते ओळखले जाते. त्यात १२८ च्या खालचे आकडे इंग्रजीला ठेवून भारतीय अक्षरे वरच्या अर्ध्या भागात बसवली. त्या तक्त्यानुसार ‘पेठ’ म्हणजे २००, २२५, १९० आणि ‘वडगाव’ म्हणजे २१२, १९१, १८१, २१८, २१२. मात्रा आणि काना यांना स्वतंत्र आकडे आहेत, म्हणून डोळ्याला दिसतात त्यापेक्षा आकडे जास्त.

ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवली की बिघाड कागदावरच मांडता येतो. आठवा बिट गेला म्हणजे प्रत्येक आकड्यातून १२८ वजा झाले. उरले ७२, ९७, ६२ आणि ८४, ६३, ५३, ९०, ८४. इंग्रजी तक्त्यात याचे वाचन होते: मोठा एच, छोटा ए, ‘पेक्षा मोठे’ची खूण, मग टी, प्रश्नचिन्ह, पाचाचा आकडा, झेड, टी. मजकूर नुसता मराठी असेल तर १२८ परत मिळवून गाव जागेवर येते. मध्ये इंग्रजी शब्द किंवा इंग्रजी आकडे असले, की कुठला टी मुळात टी होता आणि कुठला ‘व’, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

आठही बिट सुखरूप पोचले, पण वाचणाऱ्या यंत्राने पश्चिम युरोपचा तक्ता लावला, तर तेच आकडे वेगळा वेश घेतात. ‘प’च्या जागी माथ्यावर तिरपी रेघ असलेला ई, मात्रेच्या जागी उलट कललेल्या रेघेचा ए, ‘ठ’च्या जागी चक्क पाऊण. ‘व’ दोन्ही वेळा टोपीवाला ओ होतो. जून १९९२ च्या आरएफसी १३४१ ने, म्हणजे ‘माइम’ने, कोणता तक्ता वापरला हे पत्राच्या शीर्षातच नोंदवण्याची सोय केली. नोंद चुकीची असेल, तर मात्र पत्र सुखरूप येऊनही वाचता येत नाही.

त्या काळचा बराच मराठी मजकूर इस्कीतही नसे, तो फॉन्टच्या खासगी मांडणीत असे. तो ओळखायची एक चांगली खूण आहे: अशा मजकुरात पहिली वेलांटी बहुधा व्यंजनाच्या आधी साठवलेली सापडते, इस्कीत ती नंतर येते.

जानेवारी १९९८ मध्ये आरएफसी २२७९ ने यूटीएफ-८ ची व्याख्या दिली. त्याच वर्षी शेजारच्या वारणा परिसरात सत्तर गावांचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी खुणेला तीन बाइट लागतात. इस्कीतले नऊ बाइटांचे ‘पेठ वडगाव’ मधल्या रिकाम्या जागेसह पंचवीसचे झाले. ते चुकून विंडोज-१२५२ या पाश्चात्त्य तक्त्याने उघडले, तर रेघवाला ए आठदा दिसतो आणि एकदाच जपानी येनची खूण. ती येन म्हणजे ‘पे’ची मात्रा. पाऊणही पुन्हा भेटतो, पण इथे तो ‘गा’च्या कान्याचा शेवटचा बाइट असतो, ‘ठ’ नव्हे. म्हणून आधी थर ओळखायचा, मग अक्षर.

नुकसान सगळ्या नावांचे सारखे होत नाही. विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या आकड्यांना अक्षरच नेमलेले नाही. काही प्रणाली ते तसेच पुढे नेतात, काही गाळतात. हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका १४१ आहे, पहिल्या उकाराचा १२९. गाळणाऱ्या प्रणालीतून गेलेल्या ‘कोल्हापूर’मधला पाय मोडायची खूण अर्धवट उरते, तिथे ‘ल्हा’ होते की ‘लुहा’, हे बाइट सांगत नाहीत, आपण कोल्हापूर ओळखतो म्हणून कळते. ‘ठ’चा शेवटचा बाइट १६०, म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, कुणी जादा जागा साफ करायला गेले की ‘पेठ’ मोडते. हातकणंगले यातले काहीच न गमावता परत येते. जोडाक्षर नाही, पहिला उकार नाही, ‘ठ’ही नाही.

दुरुस्ती करायची तर मूळ पत्राची न उघडलेली प्रत हवी. पडद्यावरून उचलून पुन्हा साठवलेला मजकूर हा दुसऱ्या हाताचा पुरावा. त्यात कोणत्या प्रणालीने काय गाळले, याचा माग लागत नाही. सर्वांत वाईट अवस्था प्रश्नचिन्हांची. तिथे एका प्रणालीने प्रत्येक खुणेऐवजी एक प्रश्नचिन्ह खरोखर लिहून ठेवलेले असते, त्यामुळे तक्ता बदलून काही हाती लागत नाही. मोजता तेवढे येते. तीन आणि पाच असतील, तर ‘पेठ वडगाव’ बसू शकते. नऊ सलग असतील, तर जिल्हा की तालुका तेही सांगता येत नाही, कारण कोल्हापूरच्या खुणा नऊ आणि हातकणंगलेच्याही नऊच.