हैदराबाद मुक्तिसंग्राम : ठिणगी कुठली?

रझाकारांच्या अत्याचारांमुळे हैदराबादचा लढा पेटला, असे आपण मुलांना सांगतो. ते अर्धेच खरे. रझाकार शेवटी आले. असंतोष जुना होता.

खेड्यांत जहागीरदारी आणि वेठबिगार होती. शहरातल्या आपल्या लोकांना मात्र भाषेचा प्रश्न अधिक बोचला. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी, कारभार उर्दूत. १९१८ चे उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. (देशी भाषेतून उच्च शिक्षण हा प्रयोग धाडसी होता, हे आम्ही मान्य करतो, पण ती भाषा बहुतेकांच्या घरातली नव्हती.) १९०७ मध्ये सुरू झालेल्या आपल्या विवेकवर्धिनीचे मोल इथे कळते.

तक्रार मांडायला सभा घ्यावी, तर ‘गश्ती ५३’ आडवी येई. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. आधी परवानगी, मग सभा. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. त्याच वर्षी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकले. नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या लढ्याला कार्यकर्ते मिळाले, ते याच पिढीतून.